ओपन इलेक्टिव्हला ‘जागतिक प्रश्न’ : ३० तासिकांत नेमकं काय शिकवायचं?

तासिका_मॅडम
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातलं कॉलेज, मराठी माध्यम. दुसऱ्या वर्षाला ‘जागतिक प्रश्न व आंतरराष्ट्रीय दृष्टिकोन’ हे २ क्रेडिटचं ओपन इलेक्टिव्ह आलंय. ३० तासिका, ५० गुण, त्यातले २० अंतर्गत. पट ६४, कला, वाणिज्य, विज्ञान सगळे एकत्र. घटक चार: व्यापार, हवामान बदल, निर्वासित, संयुक्त राष्ट्रसंघ. गाइडमध्ये प्रत्येकाखाली अर्थ, व्याख्या, स्वरूप, वैशिष्ट्ये. तेच फळ्यावर उतरवलं तर दिवाळीपर्यंत वर्गात दहा जण उरतील. प्रोजेक्टर एकच आणि लाइटचा भरवसा नाही. घटकांचा क्रम कसा लावू, अंतर्गतला काय देऊ?

खंडी_३५६
मॅडम, चारही घटकांना साडेसात-साडेसात तासिका वाटू नका. व्यापाराला १२ द्या, राष्ट्रसंघाला ८, उरलेल्या दोघांना पाच-पाच. आणि व्यापार जुलै-ऑगस्टमध्येच उरका. सोयाबीनची सोंगणी लागली की अर्धी पोरं वावरात असतात, मग कापसाची वेचणी. गटाने करायचं काम तेव्हा ठेवलं तर गटच भरत नाही.

सुरुवात व्याख्येने करू नका, भावाने करा. न्यूयॉर्कच्या कापूस वायद्याचा भाव मोबाइलवर दिसतो, पण तो सेंट प्रति पाउंड असतो आणि रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा असतो. फळ्यावर असं मांडा:

समजा भाव ६५ सेंट, डॉलर ८५ रुपये. एक किलो म्हणजे २.२०४६ पाउंड. ६५ × २.२०४६ = १४३.३ सेंट, म्हणजे किलोला साधारण १२१ रुपये ८० पैसे. ३५६ किलोची खंडी झाली सुमारे ४३,३६० रुपयांची. आता कापसाकडे या. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई धरा, ६४ किलो सरकी, बाकी घट. रुईचे ४,१४१ रुपये. सरकी ३५ रुपयांनी २,२४०. बेरीज ६,३८१, त्यातून जिनिंगचा खर्च अजून जायचाय. शेजारी २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव लिहा: ८,११०. पुढचा प्रश्न वर्गातूनच येतो.

मग आयात शुल्क. फेब्रुवारी २०२१ पासून कापसावर एकूण ११ टक्के होतं. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने ते आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं, म्हणजे ऐन आपल्या आवकीच्या दिवसांत. वरच्या हिशोबात ११ टक्के म्हणजे किलो रुईमागे १३.४० रुपये, क्विंटल कापसामागे साधारण ४५५. अर्धा वर्ग तिरुपूर-कोइम्बतूरच्या गिरणीवाल्यांच्या बाजूने बसवा, अर्धा कास्तकाराच्या.

पोरं तीन ठिकाणी हमखास घसरतात. पाउंड म्हणजे अर्धा किलो धरतात, तिथेच नऊ-दहा टक्के चुकतात. रुईचा भाव थेट कापसाच्या भावाशी ताडतात. आणि ४५५ रुपये सगळेच्या सगळे कास्तकाराच्या खिशातून गेले असं लिहितात. जहाजभाडं, धाग्याची लांबी, ओलावा, व्यापाऱ्याचा वाटा यांमुळे तो फरक जसाच्या तसा खाली उतरत नाही. हे वाक्य उत्तरात आलं नाही तर गुण कापा.

दुसरी_बाजू
हिशोब चोख आहे. पण इथेच थांबलं तर पेपर ‘विदर्भाचे कृषी प्रश्न’ होईल. विषयाच्या नावात ‘दृष्टिकोन’ आहे, म्हणजे तोच कापूस मालीतून कसा दिसतो तेही यायला हवं.

त्यासाठी तीन प्रकरणं पुरेत. एक, २००३: बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश जागतिक व्यापार संघटनेत गेले. म्हणणं असं की, श्रीमंत देशांच्या अनुदानामुळे जगाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. दोन, ब्राझील विरुद्ध अमेरिका: २००२ ला सुरू झालेला तंटा ब्राझीलने जिंकला आणि २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. इथवर वर्ग खूश असतो, कारण आरोपी अमेरिका असते. म्हणून तिसरं प्रकरण टाळू नका: २०१८ मध्ये अमेरिकेनेच भारताच्या कापूस हमीभावावर बोट ठेवलं. संघटनेच्या नियमांनुसार भारताला एका पिकाच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच अशी मदत देता येते आणि ती मोजताना तुलनेची किंमत १९८६-८८ ची धरतात. जुनी किंमत धरली की आजचा हमीभाव भलामोठा दिसतो. भारताचा वाद याच मोजणीवर आहे.

मालीच्या शेतकऱ्याने यवतमाळच्या शेतकऱ्याला पत्र लिहिलं तर हमीभावाबद्दल काय लिहील? अंतर्गतला हाच प्रश्न द्या, दीड पान. यावर गाइड नाही, त्यामुळे कॉपीही नाही.

नऊ_मतं
राष्ट्रसंघाच्या आठ तासिकांमध्ये ‘स्थापना २४ ऑक्टोबर १९४५, सदस्य १९३’ हे दहा मिनिटांत संपवा. बाकी वेळ सुरक्षा परिषद वर्गात भरवा. सदस्य १५ असतात, तुमची मुलं ६४. एकेका देशाला चार जण: एक बोलणारा, एक ठराव वाचणारा, एक शेजारच्या देशाशी बोलणी करणारा, एक नोंद ठेवणारा. उरलेले चार सचिवालयात, मतं मोजायला. अशी वाटणी केली नाही तर पंधरा बोलतात आणि बाकीचे मोबाइल काढतात.

नियम सनदेच्या कलम २७ मधून घ्या. ठरावाला किमान ९ मतं आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणाचा नकार नको. कामकाजाच्या पद्धतीबाबतच्या प्रश्नाला मात्र नकाराधिकार चालत नाही. सगळ्यात मोठा गोंधळ तटस्थतेचा. चीन तटस्थ राहिला म्हणजे ठराव पडला, असं मुलं लिहितात. तटस्थ राहणं म्हणजे नकार नव्हे.

खेळ झाल्यावर खरं मतदान द्या. २५ फेब्रुवारी २०२२, युक्रेनवरचा ठराव: बाजूने ११, विरोधात रशिया, तटस्थ तीन (भारत, चीन, संयुक्त अरब अमिराती). अकरा मतं पडूनही ठराव फेटाळला गेला. पाच दिवसांनी आमसभेत १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. ठराव मंजूर, पण बंधनकारक नाही. ‘भारत तटस्थ का राहिला आणि कीवमधून ते कसं दिसलं’ यावर पाच-पाच गुणांचे दोन परिच्छेद घ्या. वर्गात बाजू घेणारे असतील तर दुसरा परिच्छेद आधी लिहून घ्या.

राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही, हिंदीही नाही. मात्र यूएन न्यूजची हिंदी सेवा आहे. त्यातली दोन-तीन पानं छापून ठेवा म्हणजे लाइट गेली तरी तास चालतो.

तासिका_मॅडम
कापूस आणि परिषद दोन्ही घेते. हवामान आणि निर्वासितांसाठी जवळचं काय? सिरियाचे फोटो दाखवून मुलं हळहळतात, पुढे काही सरकत नाही.

खंडी_३५६
निर्वासितांसाठी सिरियापर्यंत जायचं कामच नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. मग ही माणसं इथे कुठल्या कायद्याने राहतात? निर्वासित, स्थलांतरित आणि ऊसतोडीला जाणारा मजूर यांतला फरक इथेच उलगडतो. सहल न्यायची तर आधी वसाहतीच्या कार्यालयाला विचारा. घराघरांत डोकावत फोटो काढणारे ६४ जण कुणालाच नको असतात.

दुसरी_बाजू
हवामानाला चंद्रपूरचं औष्णिक केंद्र घ्या, क्षमता २,९२० मेगावॉट. घरचं वीजबिल आणायला सांगा; युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरलं की १०० युनिटला ७० किलो. उत्तरपत्रिकेत एक चूक ठरलेली: ‘भारत २०३० पर्यंत उत्सर्जन ४५ टक्के कमी करणार.’ तसं नाही. २००५ च्या तुलनेत जीडीपीच्या एककामागचं उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवायचं आहे, एकूण उत्सर्जन तोवर वाढूही शकतं. पेपर काढताना ‘एककामागे’ हा शब्द प्रश्नात देऊ नका, तो त्यांच्याकडून येऊ द्या.

एक तास उरला तर लोणार. २०२० मध्ये ते रामसर स्थळ झालं, म्हणजे १९७१ ला इराणात झालेल्या करारातली पाणथळ जागा आपल्या बुलढाण्यात आहे. हा मात्र एका तासाचाच विषय आहे, ताणू नका.