डाव्या पायाच्या फुटबॉल विंगरने पुढे कुठे जावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात दहावीला असलेला माझा भाचा डाव्या पायाचा असूनही उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने आक्रमणात, खेळतो आणि बचावपटूला रेषेकडे हूल देऊन आत वळताना चेंडू पायापासून वीतभरही सुटू देत नाही. याच जागेवर खेळणारा मिझोरमचा लालियानझुआला छांगते पुण्यातील डीएसके शिवाजियन्स क्लबच्या अकादमीत शिकला, 2015 मध्ये अठराव्या वर्षी भारताकडून खेळला आणि दिल्ली, चेन्नईच्या क्लबांमार्गे 2022 मध्ये मुंबई सिटी क्लबमध्ये आला. म्हणून घर लवकर सोडणे मला आवश्यक वाटते, ताईला मात्र बारावी आधी हवी आहे. बारावीपर्यंत थांबल्यास क्लबांच्या कुमार संघांची दारे बंद होतात का? निवासी अकादमीत शाळेची सोय प्रत्यक्षात कशी असते? अनुभवी पालकांनी व प्रशिक्षकांनी कृपया सविस्तर लिहावे.