आरएक्स १००: कमी पैशात स्ट्रोकर करायचाय, ५४ चा स्ट्रोक घ्यावा का?

काळी_टाकी_९८

आरएक्स १०० आहे, ब्लॉक (सिलिंडर) मूळचा, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ५० मिमी. रॉडचं खालचं बेअरिंग वाजायला लागलंय, त्यामुळे क्रँक बाहेर काढावाच लागणार. मग साधं रॉड किट टाकण्यापेक्षा ऑफसेट पिन (मधला भाग बाजूला सरकलेली क्रँकपिन) टाकून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५० चा ५४ मिमी करून घ्यावा असं डोक्यात आहे. बजेट मजुरीसकट पंधरा हजार. वाढलेल्या स्ट्रोकला जागा करणारी प्लेट ब्लॉकखाली टाकायची का हेडखाली? आणि इथल्या, सोलापूरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी विजापूर रोडला सलग पळवली तर टिकेल का? पाइप, कार्ब्युरेटर कंपनीचेच आहेत. पैसे उरले तर चेंबर पाइप (जास्त ताकदीसाठी फुगीर सायलेन्सर) घेईन.

टर्नर_अक्कलकोट_रोड

अण्णा, आधी सीसी मोजा. ५० बोअरवर स्ट्रोक ५४ केला तर ९८ चे १०६ होतात, बस्स. तेच आरएक्स १३५ चा ५८ बोअरचा ब्लॉक टाकला तर ५० च्या स्ट्रोकवरच १३२ मिळतात, कारण दोन्ही गाड्यांचा स्ट्रोक एकच आहे. त्या ५८ वर ५४ आला की १४२.७. स्ट्रोकला घातलेला पैसा मोठ्या बोअरवरच वसूल होतो, त्यामुळे पहिला खर्च ब्लॉकचा. ब्लॉक घ्यायच्या आधी स्लीव्हचा (ब्लॉकच्या आतल्या नळीचा) खालचा भाग आणि केसचं (क्रँक बसते त्या खालच्या घराचं) तोंड व्हर्नियरने मोजा. केस बोअर करावी लागली तर ती मजुरी वेगळी.

आता क्रँक. नुसती ऑफसेट पिन घेऊ नका. रॉड, बेअरिंग आणि पिन एकाच संचात घ्या. पिनचा मधला भाग २ मिमी बाजूला सरकलेला असतो आणि बेअरिंग तर पिनच्या टोकावरूनच आत जाणार. म्हणून मधला भाग टोकापेक्षा निदान ४ मिमी जाड लागतो आणि रॉडचं भोकही त्या मापाचं लागतं. जुन्या रॉडमध्ये ही पिन बसत नाही.

वेबच्या (क्रँकच्या गोल चकतीच्या) तोंडावर मुख्य शाफ्टच्या मध्यापासून पिनच्या भोकाच्या मध्यातून जाणारी रेघ स्क्राइबरने मारून घ्या. पिनचा फुगवटा त्या रेघेवर, सरळ बाहेर बघत बसला पाहिजे. १० अंश तिरकी बसली तर स्ट्रोक नावालाच कमी होतो, पण टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) पाऊण अंश सरकतो आणि मॅगनेटच्या जुन्या खुणेवर भरवसा ठेवता येत नाही.

पिन प्रेसवरच दाबली गेली पाहिजे. हाताने किंवा हातोडीच्या दोन ठोक्यांत शिरली तर तो वेब बाद, वेल्डिंग करून चालवू नका. मग लेथच्या दोन सेंटरमध्ये क्रँक धरून दोन्ही बाजूंना डायल गेज लावा. रनआउट (फिरताना शाफ्टचं डोलणं) ०.०३ मिमीच्या आत आल्याशिवाय उचलू नका. प्रेस आणि डायल गेज दोन्ही असलेला टर्नर गाठा. अंदाजाने ट्रू करून देणारा स्वस्त पडत नाही. मेन बेअरिंग सी३ क्लिअरन्सची (नेहमीपेक्षा थोडी सैल) आणि दोन्ही बाजूंची ऑइल सील नवीच. मॅगनेट साइडचं सील हवा ओढायला लागलं की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन चिकटतो. क्लच साइडचं गिअर ऑइल ओढतं, धूर थांबत नाही.

रीड_वाल्व्ह_बार्शी

प्लेटचं सांगतो. पिस्टन आता २ मिमी जास्त वर आणि २ मिमी जास्त खाली जाणार. काहीच केलं नाही तर हेडला ठोकणार.

सगळी २ मिमी ब्लॉकखाली दिली तर पिस्टन पूर्वीच्याच जागी थांबतो, पण स्ट्रोक वाढल्यामुळे एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर दोन्ही पोर्ट लवकर उघडतात. गाडी वरच्या आरपीएमला पळते आणि खालची ओढ जाते. कंपनीच्या पाइपवर हे अजिबात जुळत नाही. सगळी हेडखाली दिली तर एक्झॉस्टचं टायमिंग जवळपास मूळचंच राहतं आणि ट्रान्सफर थोडा जास्त वेळ उघडा राहतो. रोजच्या गाडीला मी हेच सांगेन. मात्र तेव्हा दोन गोष्टी तपासाच. टीडीसीला वरची रिंग स्लीव्हच्या बाहेर पडता कामा नये, कारण पिस्टन ब्लॉकच्या वर येतो. आणि त्याच वेळी पिस्टनचा स्कर्ट (खालची कड) वर गेल्यामुळे एक्झॉस्ट पोर्ट खालून उघडा पडत नाही ना ते बघा. यातलं काही जमत नसेल तर १ मिमी खाली, १ मिमी वर. प्लेटच्या हिशेबात पॅकिंगची दाबलेली जाडी धरा.

शेवटी स्क्विश, म्हणजे टीडीसीला पिस्टन आणि हेडच्या कडेतलं अंतर, मोजा. २ मिमी जाडीची सोल्डरची तार पिस्टनवर गजन पिनच्या रेषेत दोन्ही टोकांना ग्रीसने चिकटवा, हेड आवळा, क्रँक हाताने एक फेरी फिरवा आणि तार चेपलेली जागा मायक्रोमीटरने मोजा. १ मिमीच्या आसपास हवी. तार पिन सोडून दुसरीकडे लावली तर पिस्टन डोलतो आणि माप खोटं येतं.

ऑफसेट पिनच्या रॉडचं मोठं टोक जाड असतं आणि ते लांबून फिरतं. केसच्या आत मॉडेलिंगच्या मातीचा (क्लेचा) थर लावून क्रँक फिरवा. थर १ मिमीपेक्षा कमी उरला तिथे केस घासा. बीडीसीला (पिस्टन सगळ्यात खाली असताना) स्कर्ट वेबला लागतो का हेही त्याच वेळी बघा.

काळी_टाकी_९८

हिशेब पटला, ब्लॉक आधी. मग पंधरा हजारात काय गाळू? आणि आरसीवर ९८ सीसी आहे, त्याचं काय?

टर्नर_अक्कलकोट_रोड

चेंबर पाइप गाळा, कार्ब्युरेटर गाळा, पॉलिश गाळा. क्रँक, सील, बेअरिंग, पिस्टन आणि बोअरिंग यांतलं काहीच गाळू नका. पैसे तरीही कमी पडले तर स्ट्रोक सोडा आणि मूळ ५० च्या रॉड किटवर १३५ चा ब्लॉक चालवा. १३२ सीसी नीट बांधलेलं इंजिन घाईत केलेल्या १४२ पेक्षा जास्त चालतं.

आरसीचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ५८ चा ब्लॉक काय, ५४ चा स्ट्रोक काय, दोन्ही त्यातच येतात. रस्त्यावर नेण्याआधी आरटीओत विचारा. विमा कंपनीही अपघातानंतर हेच बघते.

रीड_वाल्व्ह_बार्शी

उन्हाळ्याचं राहिलं. पिस्टन क्लिअरन्स ०.०५ ते ०.०६ मिमी ठेवा. एकदम घट्ट बोअर करून देणारा माणूस मे महिन्यातल्या दुपारचा विचार करत नाही. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा चॅम्फर करून (घासून गोल करून) घ्या, नाहीतर रिंग अडकते.

जेटबद्दल (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकाबद्दल) बरेच जण उलटं समजतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे मेमध्ये मिश्रण जाड होतं (पेट्रोल जास्त) आणि डिसेंबरच्या पहाटे पातळ. मे महिन्यात प्लग बघून बसवलेला जेट थंडीत पिस्टन खाऊ शकतो. म्हणून थंडीच्या हवेवर जेट ठरवा. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेही मिश्रण पातळ करतं. मेन जेट कंपनीपेक्षा मोठा लावून सुरुवात करा आणि मग एकेक पायरी खाली या.

गाडी सुरू करायच्या आधी लीक टेस्ट करा. एक्झॉस्ट आणि इनटेकच्या तोंडाला रबर लावून बंद करा, प्लगच्या भोकातून नळी काढा आणि तिला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा नि काटा जोडा. पिस्टन बीडीसीला ठेवून ३०० (मिमी पारा) पर्यंत हवा भरा. काटा पाच मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. पडला तर साबणाचं पाणी सीलवर आणि पॅकिंगवर मारा, बुडबुडा दिसेल.

ऑटोल्यूब पंप (गाडीचा स्वतःचा ऑइल पंप) चालू ठेवूनच पहिले ५०० किमी टाकीत लिटरला २० मिली टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल जास्तीचं घाला. आणि इग्निशन मिमीमध्ये लावत असाल तर जुना आकडा वापरू नका: स्ट्रोक ५४ झाल्यावर तेवढ्याच अंशांना पिस्टन टीडीसीपासून सुमारे १० टक्के जास्त खाली असतो. अंशांची चकती लावून खूण नव्याने मारा.