गावाकडच्या संगणकावरील फाइली सुरक्षितपणे शहरात कशा आणाव्यात?

मांजराकाठ:
नमस्कार. अंबाजोगाईजवळच्या गावी आमच्या घरी विंडोज ११ होम असलेला संगणक आहे आणि मी नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरला असतो. वडील आणि धाकटी बहीण मिळून शेतीची जुनी कागदपत्रे, म्हणजे सातबारे, फेरफार, खासरा पत्रकाच्या नकला आणि आजोबांच्या वेळचे काही उर्दू दस्तऐवज, स्कॅन करून त्या संगणकावर ठेवत आहेत. वाटणीचे काम वकिलांकडे असल्याने ही पाने मला वारंवार लागतात. येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत पेनड्राइव्ह पाठवणे प्रत्येक वेळी जमत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत शिक्क्यावरची अक्षरे पुसट दिसतात. एका परिचितांनी राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट (बाहेरची जोडणी आत येण्याचा क्रमांकित मार्ग) उघडून रिमोट डेस्कटॉप (दूरचा संगणक इथून चालवण्याची विंडोजची सोय) वापरा, असे सुचवले आहे. कागद घरचे आणि जमिनीचे असल्यामुळे ते परक्याच्या हाती पडू नयेत, ही माझी मुख्य काळजी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

बालाघाट:
तो पोर्ट मुळीच उघडू नका. एक तर विंडोजच्या होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप स्वीकारण्याची सोयच नसते. आणि ती असती तरी इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या ३३८९ वर पासवर्ड आजमावून पाहणारे स्वयंचलित प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात. शिवाय राउटरच्या पानावर दिसणारा बाह्य पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे असे समजावे. तिथे पोर्ट उघडूनही बाहेरची जोडणी आत पोहोचत नाही.

माझ्या मते दोन्ही संगणकांना एका खाजगी, कूटबद्ध जाळ्यात आणणे हाच योग्य मार्ग आहे. वायरगार्ड ही पद्धत त्यासाठी उत्तम आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) ५.६ आवृत्तीपासून ती कर्नलचाच भाग आहे. तिच्यावर उभे असलेले टेलस्केल हे सॉफ्टवेअर दोन्हीकडे बसवले, की दोन्ही संगणक आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. मात्र ज्या ईमेल खात्याने तुम्ही त्यात प्रवेश कराल, त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असलीच पाहिजे, कारण ते खाते गेले तर सगळे जाळेच गेले.

गोदातीर:
वरील सल्ल्याशी सहमत आहे. जाळे तयार झाल्यावर फाइली आणण्यासाठी एसएसएच (दूरच्या संगणकाशी कूटबद्ध जोडणी करण्याचे साधन) वापरावे. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिले, तेव्हा त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड चोरून वाचले होते. उघड्या मजकुरात पासवर्ड पाठवणाऱ्या टेलनेटसारख्या साधनांना पर्याय म्हणून ते जन्माला आले. विंडोज ११ मध्ये ‘ऐच्छिक सुविधा’ या यादीतून ओपनएसएसएच सर्व्हर, म्हणजे एसएसएचची जोडणी स्वीकारणारा प्रोग्रॅम, बसवता येतो; तो गावच्या संगणकावर बसवा. संभाजीनगरच्या संगणकावर ईडी२५५१९ प्रकारची किल्लीजोडी (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या दोन फाइली, एक सार्वजनिक आणि एक खाजगी) तयार करा, तिला सांकेतिक वाक्य लावा, आणि फक्त सार्वजनिक किल्ली गावाकडे पाठवा. खाजगी किल्ली कोणालाही, अगदी घरच्यांनाही, पाठवू नये. गावचे खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल, तर विंडोज ती किल्ली वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये शोधत नाही, प्रोग्रॅमडेटामधील एसएसएच फोल्डरात स्वतंत्र फाइलीत शोधते. पुष्कळांचे गाडे इथेच अडते. याच कारणासाठी आणि सुरक्षिततेसाठीही, या कामाला वेगळे साधे खाते काढणे मला अधिक बरे वाटते. किल्लीने प्रवेश होऊ लागला, की पासवर्डने प्रवेश बंद करून टाका.

पहिल्यांदा जोडताना पलीकडच्या संगणकाचा ठसा (त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) पडद्यावर येतो आणि ‘पुढे जायचे का’ असे विचारले जाते. तिथे डोळे झाकून होकार देऊ नका. बहिणीला फोन लावून गावच्या संगणकावरचा तोच ठसा अक्षर-अक्षर वाचून घ्या आणि जुळला तरच पुढे जा. एवढे केले की पुढे विनएससीपी या एसएसएचवरून फाइली आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन फोल्डर शेजारी-शेजारी उघडतात आणि फाइल इकडून तिकडे ओढता येते.

मांजराकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. स्कॅन टिफ स्वरूपात आहेत आणि एकूण पाने हजाराच्या घरात जातील. दुसरे म्हणजे, गावी वीज जाते आणि परत येते तेव्हा संगणक बंदच राहतो.

बालाघाट:
ए४ आकाराचे रंगीत पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), दाबून लहान न करता, सुमारे २६ एमबी होते. म्हणजे हजार पानांचे २६ जीबी. इथे तुमच्या शहरातल्या जोडणीचा वेग उपयोगाचा नाही, गावच्या जोडणीचा अपलोडचा वेग महत्त्वाचा आहे. तो १० एमबीपीएस असेल, तर हे सगळे यायला जवळपास सहा तास लागतील. जोडणी मध्येच तुटली तरी विनएससीपी अर्धवट राहिलेली मोठी फाइल तिथूनच पुढे घेऊ शकते, त्यामुळे रात्री लावून ठेवायला हरकत नाही. टिफमध्ये एलझेडडब्ल्यू हा फाइल दाबण्याचा पर्याय निवडल्यास चित्र न बिघडता आकारही कमी होतो.

विजेसाठी बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परत येताच सुरू व्हावे’ असा पर्याय बहुतेक डेस्कटॉपमध्ये असतो, तो निवडा. एसएसएचची सेवा आपोआप सुरू होणारी ठेवा आणि टेलस्केलमध्ये कोणी लॉगिन नसतानाही चालू राहण्याचा पर्याय लावा. नाहीतर वडिलांनी लॉगिन करेपर्यंत तुम्हाला बाहेरच थांबावे लागेल.

गोदातीर:
सिंकथिंग या प्रोग्रॅमने दोन संगणकांवरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवता येतात, पण एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते, म्हणून त्याला बॅकअप समजू नये. या कागदांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, संगणकापासून काढून ठेवलेली असावी.

आणि वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांगा: फोनवर कोणीही पडदा दाखवणारे अ‍ॅप बसवायला सांगून नऊ आकडी कोड मागितला, तर तो देऊ नये. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता. तुम्ही उभारत असलेल्या व्यवस्थेत गावाकडून कोणताही कोड सांगावा लागत नाही, त्यामुळे कोड मागणारा माणूस तुमचा नाही, हे त्यांना लगेच ओळखता येईल.