मदत हवी आहे: पॉल स्कोल्सचे कोणते पूर्ण सामने पाहावेत?

नमस्कार. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा मधल्या फळीतील माजी खेळाडू पॉल स्कोल्स याच्या कारकिर्दीचा मी अभ्यास करत असून, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. एकाच क्लबकडून ७१८ सामने आणि १५५ गोल हे आकडे सहज मिळतात. युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या २००८ च्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्ध त्याने लांबून मारलेला, थेट वरच्या कोपऱ्यात शिरलेला गोलही अनेकदा पाहिला आहे. परंतु चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून मोकळा सहकारी हेरण्याची त्याची जी सवय होती, ती छोट्या चित्रफितींत दिसतच नाही, कारण तेव्हा कॅमेरा चेंडूमागे असतो.

सुरुवातीला पुढे धावून गोल करणारा स्कोल्स नंतरच्या काळात मागे थांबून लांब पास देऊ लागला. हा बदल स्पष्ट दिसेल असे दोन-तीन पूर्ण सामने कृपया सुचवावेत. जानेवारी २०१२ मध्ये निवृत्ती मागे घेऊन परतल्यानंतरचा एखादा सामना असल्यास उत्तम.

इंग्लंडच्या संघातील सामनेही चालतील. २००४ च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत त्याला मैदानाच्या मध्यभागाऐवजी डाव्या बाजूला खेळवले गेले आणि त्यानंतर अवघ्या २९ व्या वर्षी त्याने राष्ट्रीय संघ सोडला, याची मला आजही मनापासून हळहळ वाटते.