वक्रीभवन की अपवर्तन?

ब्लेंडर या संगणकावर त्रिमितीय चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये काचेचा पेला कसा करायचा यावर मराठीत टिपण लिहितोय. वस्तूत शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा 'आयओआर' (इंडेक्स ऑफ रिफ्रॅक्शन) म्हणून जो आकडा भरायचा, त्याच्या मराठी नावावर गाडी अडली आहे. आम्ही शाळेत 'वक्रीभवन' शिकलो, मुलीच्या दहावीच्या पुस्तकात 'अपवर्तन' आहे. एकच ना?

— एकच. पण मी अपवर्तन घेईन. वक्रीभवन म्हटलं की किरण कमानीसारखा वळतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो काचेच्या पृष्ठभागावरच मोडतो आणि आत सरळ जातो. रेंडरर, म्हणजे किरणांचा हिशोब करून चित्र तयार करणारा भाग, तोही तेवढंच करतो, पृष्ठभाग लागला की दिशा बदलतो. खिडकीच्या सपाट काचेतून झाड वाकडं दिसत नाही ते यामुळेच: आत येताना मोडलेला किरण बाहेर पडताना तितकाच उलटा मोडतो, फक्त जरा बाजूला सरकतो.

— अहो, वक्र म्हणजे गोलाई हा भूमितीच्या तासाचा अर्थ झाला. वक्रोक्तीत कुठली आलीय कमान? तिथे वक्र म्हणजे वाकडं. पाण्यात काठी वाकडी दिसते, म्हणून वक्रीभवन. आणि मृगजळात तर तापलेल्या हवेच्या थरांतून किरण खरोखरच हळूहळू वळत जातो.

— मान्य. तरी 'वक्रीभवनांक' जिभेला जड, अपवर्तनांकच लिहितो. पाणी १.३३, काच १.५ च्या आसपास, हिरा २.४२. पण प्लॅस्टिकच्या बादलीलाही हा आकडा का लागतो? तिच्यातून तर काहीच दिसत नाही!

— चकाकीसाठी. हवेच्या आणि वस्तूच्या अंकांत जितकं अंतर, तितका जास्त प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. समोरून पाहिलं तर १.५ ला सुमारे ४ टक्के, हिऱ्याला १७. तिरपं पाहाल तसा वाढतो. उरलेला बादलीतही शिरतो, रंगकणांवर आपटत फिरतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. आरपार जात नाही, एवढंच.

— मेणाचंही तेच, फक्त प्रकाश आत बराच दूर भटकतो. त्याला 'अर्धपारदर्शक' नका म्हणू, निम्मं आरपार दिसतं असा समज होतो. 'पारभासी' बरं.

— पेल्यात पाणी दाखवणार असाल तर पाण्याचा आकार काचेत किंचित घुसवा. मध्ये फट राहिली की रेंडरर तिथे हवा धरतो आणि पाण्याच्या कडा पाऱ्यासारख्या चमकतात. माझे दोन दिवस त्यातच गेले.