घराण्याचा शोध : सासवड ते माळीनगर

*दादा (पुणे):* सगळ्यांना नमस्कार. वंशावळ पणजोबांपाशी अडलीये. माळीनगरला (अकलूजजवळ) 1932 च्या आधी आपलं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. सासवडला खापरपणजोबा सापडतात आणि पुढे एकदम गायब. मधला सगळा काळ कोरा.

*थोरले काका (माळीनगर):* कोरा नाही रे. तू गावं धरून शोधतोयस, कॅनॉल धरून शोध.

नीरेचा डावा कॅनॉल 1885 च्या सुमारास सुरू झाला. बारामतीकडच्या कोरडवाहू रानात पाणी आलं, पण ऊस लावायचा, पाणी द्यायचं, गुऱ्हाळ चालवायचं, हे तिकडच्या बहुतेकांना नवीन होतं. सासवडच्या माळ्यांचा विहिरीवरच्या बागायतीत हात बसलेला. गिरमे, रासकर, बोरावके, अशी कितीतरी घरं उठून गेली. जमिनी घेतल्या त्या खंडाने, म्हणजे भाड्याने. रानाचा कस उतरला की दुसरं रान. मग मालक म्हणून नाव लागणार कसं?

पुढे नगरकडे गोदावरीचे कॅनॉल झाले, आपली माणसं कोपरगाव-राहात्याला. भंडारदऱ्याचं धरण 1926 ला पुरं झालं, प्रवरेच्या पाण्यामागे बेलापूर-श्रीरामपूरला. मग मंदी आली, गुळाचे भाव बसले. 1932 ला सरकारने देशी साखरेला संरक्षण दिलं आणि त्याच साली ह्या बागायतदारांनी स्वतःचं भांडवल घालून सासवड माळी साखर कारखाना इथे उभा केला. माळीनगर हा आपला शेवटचा मुक्काम, पहिला नव्हे.

*वहिनी (श्रीरामपूर):* अगदी खरं काका. माझ्या माहेरी सगळे "आम्ही बारामतीकडचे" म्हणतात, आणि कुलधर्माला जातात सासवडशेजारच्या जेजुरीला!

*दादा (पुणे):* म्हणजे सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात नाही, इतर हक्कात आणि जुन्या फेरफारात बघायला हवं. खंडाचे कागद कुणाकडे आहेत का? मोडीत असले तरी चालेल, वाचून घेऊ.

*आत्या (सासवड):* कागद मिळतील तेव्हा मिळतील, आधी सोयरिकी लिहा. माझ्या आजीचं माहेर राहात्याचं, तिच्या जावेचं बारामतीजवळचं. ज्या गावाशी सोयरीक झाली तिथे तेव्हा आपलं कुणीतरी ऊस करत होतं, एवढं धरून चाला. आणि तुमच्या त्या तक्त्यात एकाही बाईचं नाव नाही. खुरपण, बेणं, गुऱ्हाळावरच्या माणसांच्या भाकरी हे कुणी केलं? माहेर-सासर दोन्ही नावांनिशी लिहा, नाहीतर मी काही सांगायची नाही.

*दादा (पुणे):* आत्या, नवा तक्ता तसाच करतो. शब्द दिला.

*ताई (नाशिक):* 👍 पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, वह्याही बघायला हव्यात. वारी तर घरात कधी चुकली नाही. त्यात गाव लिहिलेलं असतं, कोण कधी कुठे राहत होतं ते कळेल.

*थोरले काका (माळीनगर):* बरोबर. आषाढीच्या आधी तुकोबांच्या पालखीचं उभं रिंगण इथेच असतं, तेव्हा सगळे या, म्हातारी माणसं एकत्र भेटतील. आणि एक राहिलं. ज्यांची रानं खंडाने घेतली त्या घराण्यांची नावंही लिहायची. त्यांच्या जमिनीवर आपण उभे राहिलो.

*वहिनी (श्रीरामपूर):* माहेरच्या जुन्या लग्नपत्रिकांचे फोटो रात्री टाकते. दादा, तक्त्यात राहात्याचा रकाना मोठा ठेवा.