ब्लोअरचं नुसतं बोलणं झालं, जाहिरात कशी आली?

निफाडकर: पिंपळगावला मित्राच्या द्राक्षबागेत ६०० लिटरच्या ब्लोअरचा (औषध फवारायच्या यंत्राचा) विषय निघाला. मोबाइल खिशात, काही शोधलेलं नाही. रात्री फेसबुकवर ब्लोअरच ब्लोअर! फोन ऐकतो का? तपासायचं कसं?

सातपूर_नेटवर्क: आधी हिशेब बघा. फोन सतत ऐकून आवाज पाठवत असेल, तर तो सेकंदाला १६ किलोबिटवर दाबला तरी तासाला ७.२ एमबी, म्हणजे दिवसाला १७३ एमबी आणि महिन्याला ५ जीबीच्या वर. सेटिंग्जमध्ये अॅपनिहाय बॅकग्राउंड डेटा दिसतो, एवढा आकडा लपणार नाही. फोनमध्येच बोलण्याचा मजकूर करून पाठवला तर डेटा किरकोळ, पण दिवसभर तेच चाललं तर बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. ‘ओके गूगल’ ऐकणारी चिप तेवढीच हाक ओळखते, म्हणून तिचं भागतं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठानं २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड अॅप तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही अॅप मात्र स्क्रीनचं चित्रण तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. त्यावर कोणी बोलत नाही!

गोडी_छाटणी: ऑक्टोबर छाटणी, डाउनीची (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाची) भीती, लोकेशन पिंपळगाव. या दिवसांत तिथल्या माणसाला ब्लोअर नाही दाखवणार तर काय, स्वेटर? त्यात मित्राच्या वायफायला फोन जोडला असेल तर दोघांचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एकच. त्यानं काही शोधलं असेल तर तुम्हीही त्याच गठ्ठ्यात.

पंचवटीकर: ‘कधीच ऐकत नाहीत’ असंही म्हणू नका. टीव्हीच्या जाहिरातीत कानाला न कळणारा ध्वनी घालायचा आणि अॅपनं तो माइकवर टिपायचा, असा सिल्व्हरपुश नावाच्या कंपनीचा कोड होता. तो ठेवणाऱ्या १२ अॅपवाल्यांना २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ताकीदपत्रं धाडली. तपासायला सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडून मायक्रोफोनवर जा (अँड्रॉइड १२ पासून आहे). कोणत्या अॅपनं किती वाजता माइक घेतला ते दिसतं. जुन्या फोनवर २४ तासांचंच मिळतं, तेव्हा त्याच दिवशी बघा. ज्याला माइकचं काम नाही त्याची परवानगी काढा. जाहिरात आयडी (जाहिरातवाले ज्यावरून फोन ओळखतात तो क्रमांक) गूगलच्या सेटिंग्जमध्ये ‘अॅड्स’खाली डिलीट होतो. त्यानं जाहिराती थांबत नाहीत, फक्त त्या आयडीवरून माग काढता येत नाही. आणि जाहिरातीवरची तीन टिंबं दाबून ‘ही जाहिरात का दिसते’ वाचा.

निफाडकर: वाचलं. नाशिक जिल्हा, शेतीची आवड, एवढंच लिहिलंय. मित्रालाही विचारलं. त्यानं आदल्या रात्री तीन ठिकाणचे दर बघितले होते, आणि वायफाय त्याचंच होतं.